सोहार, चौथी फेरी

जोड्यांच्या कागदावर मी 'बारसनीस' होतो.
अरबीत प नाही.
बावीस वर्षं लेबर कार्डावर, विजेच्या बिलावर,
दवाखान्यातल्या फायलीवर असाच उतरलोय;
आता कुणी पारसनीस म्हणून हाक मारली
तर मीच मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून.

समोर खल्फान अल-मामरी.
बंदरात जहाजं आत आणायचा, आता निवृत्त.
डोक्यावर भरतकामाची कुम्मा,
थर्मासमधून त्यानं दोन पेले काहवा ओतला,
एक माझ्या बाजूला सरकवला.
घड्याळ सुरू व्हायच्या आधीच
मी त्याचं देणं लागत होतो.

राजापुढचं प्यादं दोन घरं. त्याचंही तेच.
मग त्याच्या शेजारचं प्यादं मी फुकट पुढं केलं,
भर वाऱ्यात राजाची खिडकी उघडल्यासारखं.
त्यानं घेतलं. भुवईसुद्धा हलली नाही.

आता मी कोण, तर
कंटेनर कुठं रचायचा ते ठरवणारा माणूस.
जड खाली, हलका वर,
आगीचा माल एकटा, लांब.
हॉटेलात उरलेली रोटी कागदात बांधून नेणारा.
आणि त्याचं प्यादं माझ्या घोड्यावर चालून आलं तेव्हा
घोडा हलवायचा सोडून
मी किल्लेकोट केला.

खल्फाननं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.
पटाकडे नाही, माझ्याकडे.
मग घोडा उचलला, आणि पेल्यातला काहवा संपवला.

आठव्या खेळीला उंट दिला, शहासकट.
राजानं स्वतः येऊन खाल्ला.
"फील," तो पुटपुटला.
शेजारच्या पटावरचा फिलिपिनो पोरगा
स्वतःचं घड्याळ चालू ठेवून आमच्याकडे बघत होता.
मला घाम फुटलेला, एसी अठरावर.
खरं सांगतो, इतकं हलकं
मला पगाराच्या दिवशीही कधी वाटलं नव्हतं.

मग शह. मग परत शह.
प्रत्येक शहाला त्याचा राजा
एकेक घर सरकत राहिला, घाई नाही,
अरुंद खाडीतून जहाज काढावं तसा,
आणि पलीकडे जाऊन उभा राहिला.
माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही.
मी हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला, बंदरातल्या हिंदीत,
आणि डाव मागे नेत नेत
अकराव्या खेळीपाशी आणला.
वजिराच्या बाजूचा माझा दुसरा घोडा
अजून पहिल्याच घरात उभा होता.
खल्फाननं तो दोन बोटांनी उचलून पुढं ठेवला.
"याला का नाही उठवलंस?
हा आला असता तर मी आज लवकर घरी गेलो असतो."
काय सांगणार.
याची मला आठवणच राहिली नव्हती.

सोंगट्या पेटीत भरताना त्यानं उंट हातात धरला.
तुमच्यात याला काय म्हणतात?
उंट, मी म्हटलं. मग हातानं कुबड काढून दाखवलं.
तो इतका हसला की पंचांनी बोट ओठांवर ठेवलं.
"हा हत्ती आहे रे! फील म्हणजे हत्ती.
उंट असा तिरपा चालताना कुठं बघितलास?"
कुठंच नाही. आमच्याकडे उंट कुठं?
तुमच्याकडे हत्ती आहेत?
तो क्षणभर थांबला.
"नाहीत," म्हणाला, "म्हणून तर."

निकालाच्या कागदावर मी सवयीनं मराठीत सही केली.
पंचांनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा.
"त्याचंच नाव आहे," खल्फान म्हणाला.

बाहेर जुलै.
दार ढकललं आणि चष्म्यावर वाफ धरली,
समुद्र, टॅक्सी, खल्फानची पाठ, सगळं पांढरं.
शर्टाच्या टोकानं काचा पुसत
मी उंबऱ्यातच उभा राहिलो.
बावीस उन्हाळे झाले,
अजून विसरतो.